तोंड-गळ्याचा कर्करोग आणि प्रोटॉनचा शेक: गावाकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी किरणोपचार विभागात तंत्रज्ञ आहे. रुग्णाला यंत्राच्या टेबलावर झोपवायचं, तोंडावर साचा बसवायचा, बाहेर येऊन बटण दाबायचं, हे माझं रोजचं काम. माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं, सासर वर्ध्याकडचं. दोन्हीकडच्या गावांत कुणाच्या तोंडात चट्टा निघाला की माझा नंबर फिरतो. फोन बहुधा रात्री आठनंतर येतो, लाइन असली तर.

गेल्या दोनेक वर्षांत या फोनांमध्ये एक नवा शब्द घुसला आहे: प्रोटॉन. कुणाच्या भाच्यानं मोबाईलवर व्हिडिओ पाहिलेला असतो आणि अख्खं घर त्याच एका शब्दावर अडून बसलेलं असतं. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदा लिहून काढते. प्रश्न जसे येतात तसेच ठेवले आहेत. मी डॉक्टर नाही. तुमच्या रुग्णाची फाइल ज्यांच्यासमोर आहे, त्यांचाच शब्द शेवटचा.

शेक म्हणजे काय असते, अन् हा प्रोटॉनचा शेक येगळा कसा?

आपण ज्याला शेक म्हणतो तो किरणोपचार बहुतेक ठिकाणी क्ष-किरणांचा असतो. छातीचा फोटो काढतात तेच किरण, पण कितीतरी पट जोरकस. ते पेशींच्या आतला धागा तोडतात. चांगल्या पेशी तो बऱ्यापैकी सांधून घेतात, कर्करोगाच्या पेशींना ते नीट जमत नाही. म्हणून शेक एकदम न देता रोज थोडा थोडा देतात.

क्ष-किरणांची खोड अशी की ते आरपार जातात. समजा, एसटी यवतमाळहून सुटली आणि वाटेतल्या प्रत्येक फाट्यावर चार-चार माणसं उतरवत पुढे गेली. तुम्हाला ज्या गावाला माणसं पोचवायची होती तिथं उतरली खरी, पण अलीकडच्या गावांत उतरली आणि पलीकडच्या गावांतही उतरली. गाठ गालात असली तरी किरण जिभेतून, लाळेच्या ग्रंथींमधून, कधी मणक्याजवळून पार होतात.

प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनच्या अणूचा गाभा. वजन असलेला कण. त्याची एसटी बाजाराच्या दिवसाची. वाटेत एखाद-दुसरा उतरतो, बाजाराच्या गावी सगळी गाडी रिकामी होते आणि तिथून पुढे गाडी जातच नाही. कण शरीरात शिरतो, हळूहळू दमतो आणि जिथं थांबायला येतो तिथंच जवळजवळ सगळी शक्ती टाकून देतो. पदार्थात शिरलेले कण असं करतात हे विल्यम हेन्री ब्रॅग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवलं होतं. त्याचा कर्करोगावर उपयोग करता येईल हे रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्ये मांडलं आणि १९५४ मध्ये अमेरिकेत बर्कले इथं पहिल्या रुग्णाला प्रोटॉन दिले गेले. म्हणजे गोष्ट व्हिडिओत दाखवतात तेवढी काल-परवाची नाही. यंत्र फार अवाढव्य आणि महाग, म्हणून आपल्यापर्यंत यायला इतकी वर्षं लागली.

मंग प्रोटॉननं कॅन्सर जास्त बरा होते का?

बहुतेकांच्या बाबतीत, नाही. इथेच सगळा घोळ होतो.

गाठीवर पडणारा मार प्रोटॉनचा आणि क्ष-किरणांचा जवळपास सारखाच असतो. हिशेबात प्रोटॉनला फक्त दहा टक्के जास्त धरतात. फरक आहे तो आजूबाजूच्या भागाला किती वाचवता येतं यात. अमेरिकेत घशाच्या मधल्या भागाच्या कर्करोगावर ४४० रुग्णांचा मोठा अभ्यास झाला. निम्म्यांना प्रोटॉन, निम्म्यांना चांगल्या प्रतीचे क्ष-किरण. त्याचे निकाल २०२४ मध्ये मांडले गेले. रोग आटोक्यात राहण्याचं प्रमाण दोन्हीकडे बरोबरीचं निघालं. प्रोटॉनवाल्यांना पोटात नळी घालून अन्न द्यायची वेळ कमी आली. हा फायदा छोटा नाही. महिनोन् महिने नळीवर काढलेल्या माणसाला विचारा.

पण तिथल्या बहुतेक रुग्णांचा कर्करोग एका विषाणूमुळे झालेला होता आणि जागा होती घसा. आपल्याकडचा रोग खर्र्याचा, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीचा, आणि जागा गाल, जीभ, हिरडी. एका शेतातलं पीक पाहून दुसऱ्या शेताचा उतारा सांगू नये.

आमच्या बुढ्याचा गालाचा हाये, खर्र्याचाच. त्याले प्रोटॉन पायजे का?

दहा फोनांतले आठ याच प्रश्नाचे. नागपूर-वर्धा भागात पुरुषांच्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग अगदी वरच्या रांगेत आहे आणि त्यामागे मुख्यतः तंबाखू-सुपारी-चुन्याचा तो पन्नीत घोटलेला गोळा आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली. खर्रा मात्र पानठेल्यावर तुमच्यासमोर घोटून मिळतो.

गालाच्या, जिभेच्या, हिरडीच्या कर्करोगाचा पहिला उपचार शक्यतो ऑपरेशन असतो. गाठ काढतात, मानेतल्या गाठी काढतात, गरज असली तर छातीचं किंवा पायाचं मांस लावून गाल शिवतात. मग काढलेल्या भागाचा तपासणी अहवाल येतो. त्यात रोग किती खोल गेला, मानेतल्या किती गाठींत होता, कडा साफ आहेत का, हे कळतं. त्यावरून शेक लागणार की नाही आणि सोबत केमो लागणार की नाही हे ठरतं. सगळ्यांनाच शेक लागत नाही, हेही ध्यानात ठेवा.

ज्यांना लागतो त्यांच्यातल्या बहुतेकांसाठी आयएमआरटी पुरेसा असतो. या पद्धतीत क्ष-किरणच वापरतात, पण वेगवेगळ्या दिशांनी आणि कमी-जास्त जोरानं, गाठीच्या आकाराला धरून. लाळेच्या ग्रंथी बऱ्याच वाचतात. जुन्या पद्धतीपेक्षा तोंड कमी कोरडं पडतं, हे विलायतेतल्या अभ्यासात २०११ मध्येच दिसून आलं. एका बाजूच्या गालाला शेक द्यायचा असेल तर दुसरी बाजू आयएमआरटीनंही बरीच सांभाळता येते. मग प्रोटॉननं आणखी मिळणार काय? काही रुग्णांत थोडं मिळतं, काहींत काहीच नाही.

त्यापेक्षा मोठी गोष्ट दिवसांची आहे. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत शेक सुरू झाला पाहिजे. हे वाक्य मी फोनवर तीन-तीनदा सांगते, तरी समोरून उत्तर येतं, "हो ना ताई, पण ते प्रोटॉनचं काय?"

मंग प्रोटॉन पायजे कोणाले?

ज्यांची गाठ अशा जागी आहे की बाजूला काही मिलिमीटरवर डोळ्याची नस, मेंदूचा देठ किंवा मणक्यातली दोर आहे, त्यांना. नाकाच्या आतल्या आणि कपाळ-गालाच्या पोकळ्यांमधल्या गाठी, कवटीच्या तळाच्या गाठी, नाकामागच्या घशाचा कर्करोग, लाळग्रंथींचे काही हट्टी प्रकार जे नसांच्या वाटेनं वर सरकतात. लहान मुलं तर नक्कीच. त्यांच्या वाढत्या हाडांना आणि मेंदूला फुकटचा एकही किरण लागू नये. पुढे पन्नास-साठ वर्षं काढायची असतात. आणि एकदा पूर्ण शेक होऊन त्याच जागी रोग पुन्हा आला, ऑपरेशन जमत नाही, तर दुसऱ्यांदा शेक देताना जुन्या डागाळलेल्या भागाला वाचवायला प्रोटॉन कामी येतो.

नेदरलँड्समध्ये एक शहाणी पद्धत आहे. एकाच रुग्णासाठी क्ष-किरणांचा आणि प्रोटॉनचा असे दोन्ही आराखडे संगणकावर करतात. गिळायला त्रास, तोंड कोरडं पडणं याची शक्यता दोन्हीत किती हे मोजतात आणि फरक ठरलेल्या मापापेक्षा जास्त असेल तरच प्रोटॉन देतात. तुमच्या डॉक्टरांनी प्रोटॉन सुचवला असेल तर एवढंच विचारा: "साहेब, आमच्या पेशंटमध्ये नेमका कोणता भाग वाचणार?" ज्याच्याकडे उत्तर आहे तो बोट ठेवून दाखवेल.

हे आपल्या देशात कुठं भेटते?

चेन्नईला अपोलोचं खासगी केंद्र २०१९ मध्ये सुरू झालं. महाराष्ट्रात नवी मुंबईच्या खारघरला, टाटा मेमोरियल सेंटरच्या अॅक्ट्रेक आवारात सरकारी केंद्र आहे. २०२३ च्या मे महिन्यात ते राष्ट्राला अर्पण झालं. त्याच्या नावात हॅड्रॉन असा शब्द आहे. घाबरू नका, प्रोटॉनसारख्या कणांच्या खानदानाचं ते नाव. परळचं टाटा आणि खारघरचं हे आवार दोन वेगळ्या जागा आहेत. स्टेशनावर उतरून भलतीकडे गेलेली दोन कुटुंबं मला ठाऊक आहेत.

कार्बनच्या कणांचा शेक भारतात नाही. तो जपानमध्ये चिबा इथं १९९४ पासून देतात, जर्मनीत हायडेलबर्गला आहे, इटली, ऑस्ट्रिया, चीनमध्ये आहे. कार्बन प्रोटॉनपेक्षा कितीतरी जड, पेशीवर त्याचा घाव जास्त जबर, म्हणून क्ष-किरणांना न जुमानणाऱ्या काही गाठींवर तो चालतो. जपानमध्ये २०२० पासून आणखी एक तऱ्हा मंजूर आहे: गाठीत बोरॉनचं औषध साचवून वरून न्यूट्रॉन सोडायचे. तीही डोक्या-मानेच्या परत आलेल्या किंवा ऑपरेशन न होणाऱ्या रोगासाठीच. हे सगळं माहिती म्हणून. यासाठी कुणी पासपोर्ट काढायला सांगत असेल, तर आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

नागपूर-वर्ध्याच्या मशिनी जुन्या असतीन ना?

काऊन? नागपूरला मेडिकल म्हणजे सरकारी रुग्णालय आहे, राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याची कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. यंत्राचं वय बघण्यापेक्षा "आयएमआरटी करता का, आणि सुरू कधी होईल" हे दोन प्रश्न विचारा. कुठे जागेसाठी थांबावं लागत असेल तर त्याच दिवशी दुसरीकडे चौकशी करा.

आणि एक गंमत. कण-कण म्हणून ज्याचा एवढा गाजावाजा आहे, त्यातला एक कण आपल्या साध्या यंत्रांत कधीपासून आहे: इलेक्ट्रॉन. लिनॅक नावाच्या यंत्रातून तो काढता येतो. तो खोल जात नाही, कातडीजवळच थांबतो, म्हणून मानेच्या वरवरच्या भागाला तो वर्षानुवर्षं देतो आहोत. त्याचा कुणी व्हिडिओ केला नाही.

शेत इकू का?

नका विकू. निदान आज रात्री फोनवर ठरवू नका.

खासगी ठिकाणी प्रोटॉनचा खर्च वीस-तीस लाखांच्या घरात जातो. वर महिना-दीड महिना दोन माणसांचं राहणं-खाणं. माझ्या माहेरच्या गावात असंच झालं. नाव सांगत नाही. माणूस पन्नाशीचा, गालाचं ऑपरेशन चांगलं झालं, अहवाल आला, शेक लागणार असं ठरलं. कुणा एजंटानं पोराच्या डोक्यात भरवलं की साध्या शेकानं जबडा सडतो, प्रोटॉननं काही होत नाही. पोरानं तीन एकर विकायला काढलं. गिऱ्हाईक भाव पाडून मागे, सातबाऱ्यावर चुलत्याचं नाव, तलाठ्याकडे चकरा. यात अडीच महिने गेले. मला फोन आला तेव्हा मानेत नवी गाठ हाताला लागत होती. वावर तसंच राहिलं.

त्या एजंटाचं बोलणं पूर्ण खोटं नव्हतं, म्हणून ते जास्त घातक होतं. शेकानं जबड्याचं हाड खराब होऊ शकतं. पण ते प्रोटॉननंही होऊ शकतं आणि दोन्हीकडे त्याचा धोका कमी करायचा मुख्य उपाय दातांची आधी काळजी हाच आहे. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

कार्डावर होते का?

साधा शेक, ऑपरेशन आणि केमो महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत होतात. योजनेतलं रुग्णालय असलं पाहिजे. आता एका कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि रेशनकार्डाचा रंग पूर्वीसारखा आडवा येत नाही. रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो. आधी त्याच्याकडे जा, मग पैसे मोजा. उलटं केलं की परत मिळवताना जीव जातो. रेशनकार्डावर आणि आधारवर नाव वेगवेगळं लिहिलेलं असेल तर ते आजच दुरुस्तीला टाका. शेक अडण्याचं हे सगळ्यात फालतू कारण आहे आणि सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं.

प्रोटॉनचा खासगी खर्च आणि ५ लाखांची मर्यादा यांच्यातलं अंतर तुम्हालाच दिसतं. खारघरला डॉक्टरांनी प्रोटॉन ठरवला तर तिथल्या वैद्यकीय समाजसेवकांना पहिल्याच दिवशी भेटा. कोणत्या निधीतून किती मदत होईल ते त्यांना पाठ असतं. मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीचे अर्जही तेच भरून देतात. लाजू नका.

मुंबईले जा लागलं तं कसं करावं?

विदर्भ एक्सप्रेस किंवा सेवाग्राम एक्सप्रेसनं ठाण्याला उतरा. दादरपर्यंत जायची गरज नाही. ठाण्याहून पनवेलच्या लोकलनं खारघर. रेल्वेत कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत. त्यासाठी रुग्णालयाचा ठरलेला दाखला लागतो. एसटीतही सवलत आहे, वाहकाशी वाद न घालता कागद दाखवा.

राहण्यासाठी परळच्या रुग्णांची मोठी सोय दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या त्या माणसानं मुंबईत परगावच्या आजाऱ्यांसाठी डोक्यावर छप्पर उभं केलं. खारघरला जायचं असेल तर रोज दादरहून ये-जा दमवणारी आहे. जवळची सोय समाजसेवकांना विचारा.

सुरू कराच्या आधी काय कराव लागते?

दात. पहिल्यांदा दात. शेक लागलेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर जखम भरत नाही आणि हाड मरू शकतं. म्हणून किडलेले, हलणारे दात आधी काढायचे. जखम भरायला दहा-पंधरा दिवस द्यायचे. हे दिवस ऑपरेशननंतरच्या सहा आठवड्यांतच बसवायचे असतात, म्हणून दातांच्या डॉक्टरकडे आज जा. दात धातूनं भरलेले असतील किंवा जबड्यात पट्टी बसवली असेल तर सांगा. प्रोटॉनच्या हिशेबात धातूनं फार गोंधळ होतो, कण कुठे थांबणार हेच चुकू शकतं.

मग साचा. पांढरी जाळीदार शीट गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवतो, काही मिनिटांत ती तुमच्या तोंडाच्या आकाराची होऊन घट्ट होते. त्याआधी दाढी करून या. श्वास घेता येतो, जाळीला भोकं असतात. ज्याला कोंडल्यासारखं होतं त्यानं सांगावं, आपण डोळ्यांपाशी कापून देतो. पहिल्या दिवशी घाबरलेली माणसं तिसऱ्या दिवशी साच्यात घोरतात.

आणि खर्रा बंद. शेक सुरू असताना तंबाखू चालू ठेवली तर शेकाचा असर घटतो आणि तोंडातल्या जखमा वाढतात. "एकच खातो ताई" हे मला सांगू नका, साचा काढला की वास येतो.

किती दिवस चालते? मधात पोळ्याले घरी येऊ का?

ऑपरेशननंतरचा शेक बहुधा ३० वेळा, एकूण ६० ग्रे (ग्रे म्हणजे शेकाचं माप), सहा आठवडे. सोमवार ते शुक्रवार. ऑपरेशन न करता पूर्ण शेकावरच भिस्त असेल तर ६६ ते ७० ग्रे, म्हणजे साडेसहा-सात आठवडे. प्रोटॉनचंही वेळापत्रक जवळपास हेच. यंत्राखाली किरण काही मिनिटंच असतात, बाकीचा वेळ जागेवर नेमकं बसवण्यात जातो. प्रोटॉन केंद्रात एकच मोठं यंत्र सगळ्या खोल्यांना पाळीपाळीनं किरण पुरवतं, म्हणून साच्यात पडून थोडं जास्त थांबावं लागतं.

पोळ्याला नाही. तिसरी फवारणी आहे म्हणून नाही, सोयाबीन काढायचं आहे म्हणून नाही. शेक मध्येच थांबला की उरलेल्या पेशी जोमानं वाढतात. उपचाराचा एकेक दिवस लांबला तर रोग ताब्यात राहण्याची शक्यता साधारण एका टक्क्यानं घसरते. एखादा दिवस यंत्र बंद पडलं तर भरून काढता येतं, कधी दिवसातून दोनदा, मध्ये किमान सहा तास ठेवून. पण तुम्ही आठ दिवस गावी गेलात तर ते भरून निघत नाही.

चटका बसते का? खावाले काय देऊ?

शेक घेताना काही कळत नाही. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतं. तोंडात फोड, गिळताना काच गेल्यासारखं, लाळ घट्ट, चव जाते, मानेची कातडी काळी पडून सोलते. सगळ्यात वाईट दिवस शेवटचा आठवडा आणि त्यानंतरचे दोन. लोक समजतात शेक संपला म्हणजे सुटलो, आणि नेमकं तेव्हाच वाढतं. प्रोटॉनमध्ये तोंडातला त्रास काहींना कमी होतो, पण कातडीला तो सौम्य असतोच असं नाही. कधी जास्तही भाजतं.

एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा, दर दोन-तीन तासांनी गुळण्या. हळद, तेल, बोरोलिन काही लावू नका, आधी विचारा. ठेचा आणि सावजी पुढचे काही महिने दुसऱ्यांच्या ताटात बघायचा. ज्वारीची आंबील, पातळ खिचडी मिक्सरमधून काढून, मुगाच्या डाळीचं घट्ट वरण, दूध, ताक, अर्धी कच्ची नव्हे तर नीट उकडलेली अंडी कुस्करून, केळं, शेंगदाण्याचं वाटण घातलेली पेज. दिवसातून तीनदा नको, सात-आठदा थोडं थोडं. वजन दर आठवड्याला मोजा. गिळणं बंद पडलं आणि नाकातून नळी घालू म्हणाले तर नाही म्हणू नका. नळी म्हणजे अखेर आली असं गावात समजतात. ती तात्पुरती असते.

वजन कमी झालं तं प्रोटॉन चुकते म्हणतात, खरं हाय का?

खरं आहे. कण किती खोल जाऊन थांबणार याचा हिशेब पहिल्या दिवशीच्या तुमच्या चेहऱ्यावरून केलेला असतो. गाल बसले, मान बारीक झाली, साचा सैल पडला, तर बाजाराचं गाव जागेवरून सरकलं आणि एसटी जुन्याच ठिकाणी थांबली असं होतं. म्हणून तिथं मधेमधे पुन्हा स्कॅन काढून आराखडा बदलतात. क्ष-किरणांतही हे करतात, पण तिथं चूक एवढी महागात पडत नाही. साचा सैल वाटला तर आम्हाला सांगा. लाजेपायी "बरोबर हाय" म्हणणारे खूप.

शेक घेतलेल्या माणसाजवळ लेकरू झोपवावं का?

झोपवा. बाहेरून दिलेल्या शेकानं अंगात किरण राहत नाहीत. वेगळं ताट, वेगळा गडवा, वेगळी खाट, यातलं काही नको. कर्करोग स्पर्शानं लागत नाही. एका आजीला सूनबाईनं सहा आठवडे ओसरीवर वेगळं ठेवलं होतं. तिचं वजन शेकानं कमी आणि त्या ओसरीनं जास्त उतरलं असं माझं मत आहे.

तोंडच उघडत नाई, दोन बोटं जाते फक्त.

सुपारीनं आधीच गाल आतून आवळलेला असतो, वर ऑपरेशन आणि शेक. व्यायाम शेकाच्या पहिल्या दिवसापासून. आइसक्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, जमेल तशी एकेक वाढवायची, दिवसातून पाच-सहा वेळा. दुखेल. सहा महिन्यांनी सुरू केलं तर जास्त दुखेल आणि कमी उघडेल.

तपासणीचा तुकडा काढला तं पसरते म्हणतात. आधी वैदूले दाखवू का?

तुकडा काढल्यानं पसरत नाही. थांबल्यानं पसरतं. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा चट्टा, पांढरा किंवा लाल डाग, विनाकारण हलणारा दात, मानेतली गाठ: यातलं काही असेल तर आधी तुकडा. देवाला नवस करा, वैदूच्या पाया पडा, कुणाचीच हरकत नाही. तारीख चुकवू नका.

संपल्यावर काय?

पहिल्या दोन वर्षांत दर दोन-तीन महिन्यांनी दाखवायचं. रोग परत यायचा तो बहुधा याच काळात येतो. मानेला शेक लागला असेल तर थायरॉईडची रक्ततपासणी सहा महिन्यांनी, मग वर्षाला. हा रोग बरा होऊनही माणूस सुस्त, थंड, जड पडला तर पहिल्यांदा ते बघा. दातांना फ्लोराईडचा लेप, आणि दात काढायची वेळ आली तर दातांच्या डॉक्टरला शेक झाल्याचं सांगायचंच. मे महिन्यात वावरात जाताना मानेवर सुती दुपट्टा. भाजलेली ती कातडी आपल्या ४५ डिग्रीच्या उन्हाला जन्मभर कच्चीच राहते.

चव कवा येते?

काहींना दोन-तीन महिन्यांत, काहींना वर्ष लागतं, थोड्यांना पूर्ण येतच नाही. हळूहळू येते आणि सगळ्या चवी एकदम येत नाहीत. आर्वीकडच्या एका काकांना पहिल्यांदा चिंचेची आली. भर दुपारी फोन करून त्यांनी एवढंच सांगितलं, "ताई, आंबट लागलं," आणि ठेवून दिला.